कलेनं गाव परत उभं राहतं का? (जत्रेचा फंड, बंद घरं आणि बंद पडलेलं नाटक)

माणगंगाकाठचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, आटपाडी-विटा पट्ट्यातलं. हा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. दुष्काळाला कंटाळून आज्या-पणज्याच्या पिढीतली माणसं बाहेर पडली ती पार दिल्ली, कोलकाता, कोईमतूरपर्यंत गेली आणि तिथंच दुकानं टाकून बसली. आता गावात बंगले मोठमोठे, पण वर्षातले दहा महिने कुलूप. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, डाळिंबं लागली, तरी माणूस परत आला नाही. गाव भरतं ते जत्रेला, दिवाळीला आणि भावकीत लग्न असलं तर.

यंदा गलाईवाल्यांनी मिळून चांगली रक्कम जमवली आहे आणि गावासाठी काहीतरी करा म्हणून जत्रा कमिटीला सांगितलंय. आता गावात तीन तट. एक म्हणतो देवळाचा सभामंडप मोठा करा. दुसरा म्हणतो सांस्कृतिक भवन बांधा, एसीवालं, भिंती रंगवून घ्या. तिसरा तट माझा आणि अजून पाच-सहा जणांचा, की जत्रेत गावातली पोरं पूर्वी नाटक करायची ते पुन्हा उभं करा, दरवर्षी, न चुकता, आणि त्याच्यासाठीच पैसा बाजूला ठेवा.

माझा प्रश्न असा, कलेनं, नाटकानं, उत्सवानं एखादं गाव खरंच पुन्हा जागं झालेलं कुणी जवळून बघितलंय का? चार दिवस गर्दी झाली आणि फोटो काढून माणसं गेली असं नकोय. दुकानं चालली, पोरं थांबली, बाहेरची माणसं वरचेवर यायला लागली असं काही असलं तर लिहा. कमिटीची बैठक आहे, बोलायला मुद्दे पाहिजेत.

चहाटपरी
चांगला विषय. वाचतोय. वाचनखूण साठवली.

वडसाकर
हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा आहे जी. मी वडसा-देसाईगंजचा, जिल्हा गडचिरोली. आमच्याकडे हे सगळं चालू आहे आणि कुणी सरकारी योजना आणून केलेलं नाही.

धान कापून झालं, मळणी झाली, हातात थोडा पैसा आला की दिवाळीपासून नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, ही आमची झाडीपट्टी. वडश्यात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, रस्त्यानं चालत गेलं तर बोर्डच बोर्ड. हंगामाआधी गावोगावची मंडळं येतात, कोणती कंपनी, कोणतं नाटक, कोणते कलाकार ते पाहतात, तारीख घेतात, ॲडव्हान्स देतात. मंडळ ते नाटक एकरकमी विकत घेते आणि आपल्या गावात तिकीट लावून दाखवते. आता मुख्य गोष्ट ऐका, तिकिटातून जे उरते ते मंडळाचं. त्यातून कुठं देवळाचं काम होते, कुठं शाळेला काही घेतात, कुठं पुढच्या वर्षीचा ॲडव्हान्स. घाटा झाला तर तोही मंडळाचाच, म्हणून गाव झाडून कामाला लागते, घरोघरी तिकिटं खपवते.

रात्री नऊ-दहाला सुरू होते ते पहाटेपर्यंत. स्टेजसमोर ऑर्गन, तबला. बाया-बापे, लेकरं घोंगड्या-ब्लँकेटं घेऊन येतात. ज्या गावात नाटक असते त्या गावात त्या दिवशी घरटी पाहुणे. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकी जुळतात. चहाची दुकानं, भज्यांची दुकानं, मंडपवाला, साउंडवाला, गाड्या भाड्यानं देणारे, पोस्टर छापणारे, सगळ्यांचा हंगाम तोच. पूर्वी दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक अशी जोडीच होती. 2014 मधे शर्यतींवर बंदी आली तेव्हा पट थांबले पण नाटकं थांबली नाहीत. आमचे परशुराम खुणे, त्यांना 2023 मधे पद्मश्री मिळाला तो याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या परीनं असं की आमच्याकडे गाव जागं राहते कारण नाटक गावाच्या पैशानं आणि गावाच्या जोखमीवर होते. फुकट दाखवलं असतं तर कधीच बंद पडलं असतं.

चहाटपरी
वडसाकर, जबरदस्त. तिकीट लावून अख्खं गाव रात्रभर बसतं हे मुंबईच्या निर्मात्यांना वाचायला द्या कुणीतरी.

पेठेतला_वाचक
वडसाकरांचा प्रतिसाद सुंदर आहे पण ती चालत आलेली परंपरा आहे. धागाकर्त्याचं नाटक बंद पडलंय, ते पुन्हा उभं करायचंय, हे वेगळं काम झालं. बाहेरून कला आणून गाव उभं करायचा महाराष्ट्रातला ठळक प्रयोग म्हणजे भिलार, पुस्तकांचं गाव, 4 मे 2017 ला उद्घाटन झालं. मी गेलोय. घरांच्या भिंती सुंदर रंगवल्यात, खोल्यांत कपाटं भरून पुस्तकं. पण कुणाच्या तरी ओटीवर बसून वाचताना मला संकोच वाटला, आणि माझ्यासमोर जी कुटुंबं आली ती भिंतीपुढे फोटो काढून महाबळेश्वरला गेली. पर्यटन वाढलं म्हणजे गाव उभं राहिलं असं मी मानत नाही.

स्ट्रॉबेरीचा_मळा
पेठेतले वाचक, जरा थांबा. मी पाचगणीजवळची, भिलार आमच्या रोजच्या जाण्यायेण्यातलं. पहिली गोष्ट म्हणजे भिलार कधी ओस पडलेलं गाव नव्हतंच. स्ट्रॉबेरी आहे, पाचगणीच्या शाळा जवळ आहेत, महाबळेश्वरचा रस्ता दारात आहे. त्यामुळे भिलारवरून "कलेनं गाव वाचतं" हेही सिद्ध होत नाही आणि "वाचत नाही" हेही होत नाही.

पण काय बदललं ते सांगते. सुरुवातीला पंचवीस जागांमध्ये पुस्तकं ठेवली, त्यातली बरीच लोकांची राहती घरं. ज्या बाईच्या घरी कवितांचं दालन आहे तिला आल्यागेल्याशी बोलावं लागतं, कुठलं पुस्तक कुठे ते सांगावं लागतं. ज्या बायका पाहुण्यासमोर बाहेर येत नव्हत्या त्या आता चहा, जेवण, राहायची सोय यांचा व्यवहार ठरवतात. हे फोटोत दिसत नाही.

उणीव आहे तीही सांगते. मूळ कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून घेतली. तिथे रिचर्ड बूथ नावाच्या माणसानं साठच्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकानं काढली, मग इतरांनी काढली. 1977 मध्ये 1 एप्रिलला त्यानं स्वतःला गावाचा राजा म्हणून जाहीर केलं आणि जगभर बातमी झाली. पण तिथे पुस्तकं विकली जातात, तो धंदा आहे. भिलारला पुस्तकं वाचायला आहेत, फुकट, आणि नवी पुस्तकं, देखभाल यासाठी नजर सरकारकडे. आता ही योजना वेरूळ, नवेगाव बांध, पोंभुर्ले आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या अंकलखोपला नेलीये. माणगंगाकाठचे, अंकलखोपला एकदा जाऊन या, तुम्हाला जवळ आहे.

हिशेबनीस
सगळ्यांचा मान राखून विरोधी मत मांडतो. गाव सोडून माणसं गेली ती नाटक बंद पडलं म्हणून गेली का? पाणी नव्हतं म्हणून गेली. परत येत नाहीत कारण कोईमतूरला दुकान आहे, पोरं तिथल्या शाळेत आहेत, गावात डॉक्टर नाही, एसटी दिवसातून दोनदा. तुम्ही कितीही चांगलं नाटक बसवा, गलाईवाला दुकान बंद करून येणार नाही. मग त्याच पैशात गावात अभ्यासिका काढा, दवाखान्याला जागा द्या, पोरांना डाळिंबाच्या प्रक्रियेचं काही शिकवा. कला हवीच, पण ती पोट भरल्यावर. वडसाकरांनीच लिहिलंय बघा, धान कापून पैसा हातात आला की नाटक. आधी धान, मग नाटक.

वडसाकर
बरोबर जी, आधी धानच. पण आमच्याकडे धान कुणाचं किती होते? दोन-तीन एकरवाला माणूसही तिकीट काढते. पोट पूर्ण भरायची वाट पाहिली असती तर झाडीपट्टीत एकही नाटक झालं नसतं. आणि कलाकारांचं म्हणाल तर हंगाम संपला की बरेच जण शेतात, बांधकामावर कामाला जातात. 2020 मधे करोनानं हंगाम बंद पडला तेव्हा कळलं की किती घरं या नाटकावर जगतात, स्टेजवर दिसणारे थोडे आणि मागचे कितीतरी. मंडपवाल्याचा पोरगा, साउंडवाला, गावातला चहावाला, सगळे हात बांधून बसले.

सगळं छान आहे असंही नाही. नाटकात मधेच नाच घुसवायची स्पर्धा लागली आहे, कथेशी संबंध नाही तरी गाणं. जुन्या माणसांना ते टोचते, मलाही टोचते.

नेरूरपार
दशावताराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं.

आमच्याकडे सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा लागतात. देवळाची जत्रा म्हटली की रात्री दहीकालो, म्हणजे दशावतार, ठरलेलाच. कंपन्या गावांच्या नावानं ओळखल्या जातात, मोचेमाडकर, वालावलकर वगैरे. आधी आडदशावतार, गणपती, रिद्धीसिद्धी, संकासुर, आणि मग आख्यान. संवाद लिहिलेले नसतात, कथानक ठरवून स्टेजवरच बोलायचं. गावातली म्हातारी पहिल्या रांगेत बसलेली असते आणि राजा कुठे चुकला ते तिला बरोबर कळतं.

आमचं गाव पण मुंबईला गेलेलं. पण चाकरमानी रजा टाकतो ती गणपतीला आणि जत्रेला. म्हणून हिशेबनीसांना सांगायचंय, माणूस कायमचा परत येईल ही अपेक्षाच चुकीची आहे. तो वर्षातून दोनदा येतो, घराला रंग काढतो, पडवी दुरुस्त करतो, चार दिवस बाजारहाट करतो, पोरांना मालवणी कानावर पडते. ही नाळ तुटली की घर पडतं, मग जमीन विकली जाते. आमची आजी म्हणायची, "गावात माणूसच नाय रवलो तर देव जागवतलो कोण?"

अवांतर: कुडाळजवळ पिंगुळीला नक्की जा. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता तोवर चाललं, नंतर ही कला मोडीत निघायच्या बेताला आली होती. परशुराम गंगावणे आणि त्यांच्या घरच्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, 2021 ला त्यांना पद्मश्री मिळाला. तिथे बसून त्यांच्या मुलांकडून चित्रकथी, म्हणजे चित्रं एकामागून एक दाखवत कथा गाऊन सांगतात ते ऐकलं की वेळ कुठे जातो कळत नाही. सरकारी इमारत नाही, गोठा. धाग्याच्या विषयाला धरूनच आहे हे.

लालबागची_पोर
मी थोडं कडू लिहिणार आहे. कलेनं वस्ती वाचत असती तर गिरणगाव वाचलं असतं.

गिरणगावात काय नव्हतं? प्रत्येक चाळीत भजनी मंडळ, कोकणातल्यांची दशावतारी आणि नमन, घाटावरच्यांचे तमाशे, परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं, कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा, शाहिरांची कलापथकं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लालबावटा कलापथक याच मातीतलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या गेल्या, जमिनी गेल्या, माणसं बदलापूर, विरार, डोंबिवलीला गेली. माझे वडील सुंदर पेटी वाजवायचे. संपानंतर वॉचमनची नोकरी, रात्रपाळी, पेटी माळ्यावर. त्यांना ऐकणारे चाळीतले लोक पण पांगले.

आता तिथे मॉल आहे आणि गिरणीची चिमणी शोभेला ठेवलीये. आसपास आर्ट गॅलरी आहेत, कॅफेत कवितावाचन असतं. कला आली की. पण ती आमच्या कुणाच्या ओळखीची नाही. म्हणून विचारते, गाव उभं राहणार ते कोणासाठी, हे आधी ठरवलंय का?

पेठेतला_वाचक
लालबागची पोर, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सॉल्टेअरची_शेजारीण
नवरा नोकरीसाठी इकडे आला म्हणून मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डजवळ राहते. लालबागचं वाचून राहवलं नाही, कारण इथे शेजारीच एक गिरणी आहे, सॉल्ट्स मिल. टायटस सॉल्ट नावाच्या मालकानं 1853 मध्ये सुरू केली, कामगारांसाठी शेजारी अख्खं गाव वसवलं, तेच सॉल्टेअर. गिरणी 1986 मध्ये बंद पडली. पुढच्या वर्षी जोनाथन सिल्व्हर नावाच्या व्यावसायिकानं ती विकत घेतली आणि डेव्हिड हॉकनी या इथल्याच चित्रकाराची चित्रं लावून गॅलरी काढली. आत जायला पैसे नाहीत. पुस्तकांचं मोठं दुकान आहे, खायला जागा आहे, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. 2001 मध्ये गावाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

पण लोक फक्त हॉकनीचं सांगतात, अर्धी गोष्ट राहते. त्याच गिरणीच्या आवारात सिल्व्हरनं इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी आणली, तिथे खूप लोकांना काम मिळालं. एका बाजूला चित्रं, दुसऱ्या बाजूला कारखाना. दुसरं म्हणजे कामगारांची दगडी घरं पाडली नाहीत. ती अजून तशीच आहेत, ओळीनं. आता त्या घरांच्या किमती चढल्यात आणि गिरणीकामगाराच्या नातवाला तिथे घर घेणं जड जातं, ही तक्रार इथेही ऐकू येते. तरी रस्ता तोच, घरं तीच, म्हातारी माणसं बाकावर बसून सांगतात की मी या मजल्यावर काम करायचे.

लालबागची_पोर
घरं पाडली नाहीत, हाच सगळा फरक. आमच्याकडे आधी माणूस उठवला.

गजीढोल
माणगंगाकाठचे, मी तुमच्याच बाजूचा, सांगोला तालुका. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही नाटक नाटक करताय पण आपल्या भागाचं गजीनृत्य कुठं गेलं? आटपाडी, माण, सांगोला, सगळीकडं धनगरांची गजी मंडळं होती. वीस-पंचवीस माणसं गोलात, मधे ढोल, सनई, हातात रुमाल, आणि ढोलाचा ठेका बदलला की अख्खा गोल एकदम पालटतो. आमच्या चुलत्यांचं मंडळ पुण्या-मुंबईच्या मिरवणुकीला जातं, तिथं मानधन मिळतं, जायचा-यायचा खर्च मिळतो. आणि स्वतःच्या गावच्या जत्रेत? फेटा आणि नारळ. देवाचं काम म्हणून फुकट. हलगीवाल्याचं तर त्याहून वाईट, दिवसभर पालखीपुढं वाजवायचं आणि जेवायला शेवटच्या पंगतीला.

मग संध्याकाळी स्टेजवर बाहेरगावचा ऑर्केस्ट्रा येणार, त्याला लाखाच्या घरात पैसे, रोख. हे बघून आमची पोरं ढोलाला हात लावत नाहीत. ढोल वाजवणाऱ्याला मान नाही आणि पैसा पण नाही, तर तो का शिकंल? तुमच्या फंडात सगळ्यात आधी गावातल्या गजीला आणि हलगीवाल्याला ठरलेलं मानधन लिहा. नाटक-भवन नंतर.

नेरूरपार
+१००. गजीढोल, मनातलं लिहिलंत.

डहाणूतली_बाई
गजीढोल यांना अनुमोदन. मी डहाणू भागात शिक्षिका आहे. वारली चित्रं आता साडीवर, कपावर, विमानतळाच्या भिंतीवर, सगळीकडे. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक काढायचं काम मुळात सवाष्णींचं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी इथे आले, त्यांनी कागद आणि रंग दिले आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाला. त्यांच्यामुळे कितीतरी पाड्यांवर तरुण चित्रं काढून घर चालवू लागले, हे मी स्वतः बघते आणि त्याचा मला आनंद आहे. पण ज्या बायकांची ही कला होती त्या बाजारात कमी दिसतात. आणि मधला माणूस चित्र स्वस्तात उचलतो, शहरात कितीला विकतो ते पाड्यावर कळतच नाही. 2014 ला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी छापील नक्कल थांबलेली नाही. कला असली तरी तिचा भाव ठरवताना त्या वस्तीतलं माणूस बसलेलं पाहिजे.

मिरजकर
डहाणूच्या बाईंच्या मुद्द्याला जोडून. मिरजेत सतारी, तंबोरे बनतात, पिढ्यान्‌पिढ्या, 2024 मध्ये त्यांना मानांकन मिळालं. तंबोऱ्याला लागणारा भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातला शेतकरी पिकवतो, तो वाळवायचा, निवडायचा, मग इथे येतो. म्हणजे किराणा घराण्याचा गायक पुण्यात स्टेजवर बसतो तेव्हा त्याच्या मागे मंगळवेढ्याचा एक शेतकरी असतो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, दर्ग्याच्या उरसात त्यांच्या स्मृतीला गायक येऊन गातात, अजूनही. पण कारागिरांची पोरं दुसऱ्या कामाला लागताहेत. जवारी लावायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद खुलवायला, कान तयार व्हायला वर्षं लागतात आणि तेवढा धीर धरायला घरात दुसरी मिळकत लागते. हिशेबनीस म्हणतात त्यात तथ्य आहे.

तळेकर_काकू
मला एकच सांगायचंय. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी सांस्कृतिक भवन बांधलं, कुठलं ते लिहीत नाही. खुर्च्या चांगल्या, स्टेजची खोली मात्र इतकी कमी की नाटकवाले आत येऊन बघून परत गेले. मेकअप रूमला पाणी नाही. भाडं इतकं की शाळेचं गॅदरिंगसुद्धा परवडत नाही. आता तिथे लग्नं आणि सेलची प्रदर्शनं होतात. भवन नको हो.

कोल्हापुरी_रस्सा
काकू, पण वास्तूचं मोल पण असतं. 8 ऑगस्ट 2024 ला रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं, शंभर वर्षांपेक्षा जुनं. त्या रात्री रस्त्यावर किती माणसं उभी होती आणि म्हातारे कलाकार कसे रडत होते ते मी बघितलंय. ज्यांनी वर्षभरात एक नाटक बघितलं नसेल ते पण आलेले. आहे तसंच परत उभं करा अशी मागणी अख्ख्या शहरानं केली. गावाला एकत्र बसायला जागा लागतेच. फक्त ती कलाकारांना विचारून बांधा.

माणगंगाकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. गजीढोल, राग कसला, मानधनाचा मुद्दा मी कमिटीत पहिला मांडणार आहे आणि तुमच्या चुलत्यांना पण बोलावणार आहे बैठकीला, या म्हणावं.

एक अडचण सांगतो. नाटकात बायकांच्या कामाला पूर्वी सांगली-मिरजेहून नट्या आणायचे, ठरवून, पैसे देऊन. आता तोच सगळ्यात मोठा खर्च होईल. गावातल्या बायका काम करतील का? विचारायचं धाडस कमिटीत कुणाला नाही.

गावातली_सून
तुमच्या शेजारच्या तालुक्यातली आहे, त्यामुळे बोलते. कमिटीला धाडस नाही म्हणता पण कमिटीत बाई किती? आमच्याकडं महिला दिनाला बचत गटाच्या बायकांनी तासाभराचं नाटुकलं केलं, दारूबंदीवर. माझी जाऊ, जी घरात सासऱ्यांसमोर तोंड उघडत नाही, ती दारुड्या नवऱ्याच्या भूमिकेत अशी काही बोलली की सासरे हसून हसून खाली बसले. नंतर तेच तिला विचारत होते, पुढचं कधी? तर बायका करतील. पण तालीम रात्री दहाला देवळात ठेवू नका. दुपारी तीनला शाळेत ठेवा, लहान पोरांना सांभाळायला कुणीतरी ठेवा. आणि पुरुषांनी बाजूला उभं राहून मोबाइलवर शूटिंग करायचं नाही, हे आधी सांगा.

म्हापशेकार
आमच्या गोव्यात देवळाच्या जत्रेला गावातले पोरगे मराठी नाटक करतात, अजून. नोकरीवाले सुट्टी काढून तालमीला येतात. बाहेरून मोठं नाटक आणलं तरी गावच्या पोरांचं नाटक ते गावचं. तिथे चुकलेल्या वाक्याला पण टाळ्या.

हिशेबनीस
गावातली सून यांचा प्रतिसाद वाचला. माझं मत तसंच आहे, पाणी, दवाखाना आधी. पण एक मानतो, ज्या बायका दुपारी तीनला शाळेत जमतील त्याच उद्या दवाखान्यासाठी पंचायतीत भांडतील. तेवढ्यासाठी तरी करा नाटक.

माणगंगाकाठचा
बैठक झाली. चार तास चालली, भांडणं पण झाली. ठरलं ते असं. सभामंडपाला निम्मे पैसे गेले, ते थांबवणं जमलं नाही, गलाईवाल्यांतल्या दोघांनी देवासाठी म्हणूनच दिले होते. एसी भवन रद्द. शाळेमागच्या पटांगणात दगडी कट्टा, लाइटचं कनेक्शन, पाण्याची टाकी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह एवढं करायचं. गजी मंडळ आणि हलगीवाले यांचं मानधन ठरलं आणि ते मिरवणुकीआधी द्यायचं असं वहीत लिहिलं. कमिटीत तीन बायका घेतल्या. नाटक जत्रेच्या दुसऱ्या रात्री, तिकीट लावून. कोईमतूरची दोन पोरं आणि दिल्लीची एक मुलगी काम करणार आहेत, तालीम मोबाइलवर व्हिडिओ कॉलनं आणि जत्रेआधी आठ दिवस येऊन प्रत्यक्ष.

आता वडसाकर, तुम्हालाच विचारतो. तिकिटाचं कसं करायचं? गावातली माणसं म्हणतात भावकीला कसलं तिकीट.

वडसाकर
अभिनंदन जी! आता नीट ऐका. पास काढू नका, एकही नाही, सरपंचालाही नाही. एक पास दिला की शंभर मागतात. तिकिटावर नंबर छापा आणि कोणत्या वाड्याला किती पुस्तकं दिली ते लिहून ठेवा, उरलेली परत घ्या नाहीतर पैसे घ्या. पुढं जमिनीवर बसणाऱ्यांचं तिकीट कमी, मागं खुर्चीचं जास्त. बायकांना एक बाजू वेगळी ठेवा, तिथून निघायला वाट मोकळी ठेवा. ड्रेपरीवाला म्हणजे कपडेपटवाला आणि पडदेवाला यांना आत्ताच सांगून ठेवा, जत्रेच्या दिवसांत सगळी गावं एकदमच मागतात. आणि प्रॉम्प्टर दोन ठेवा, दोन्ही विंगेत एकेक. मोबाइलवर तालीम केलेल्या पोरांना स्टेजवर चढल्यावर समोर माणसं दिसली की पाठ केलेलं विसरते, आमच्याकडे चांगले-चांगले विसरतात.

गजीढोल
चुलते म्हणाले येतो. मंडळातले वीस जण येतील, सोबत चार नवी पोरं शिकायला आणतोय. तारीख आणि पालखी निघायची वेळ इथंच टाका, ढोलाला नवं कातडं लावून घ्यायचंय.